ड्रायव्हर (गोल्फ)

ड्रायव्हर हा गोल्फ या खेळात चेंडू टोलविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लबांपैकी सर्वांत लांब दांड्याचा आणि सर्वांत मोठ्या शीर्षाचा क्लब होय. होलच्या आरंभी, टी नावाच्या छोट्या खुंटीवर चेंडू ठेवून मारावयाच्या पहिल्या लांब फटक्यासाठी तो प्रामुख्याने वापरला जातो. या फटक्यास ड्राइव्ह म्हणतात. नियमांनुसार खेळाडूला एका फेरीत जास्तीत जास्त चौदा क्लब बाळगता येतात. त्यांत ड्रायव्हर असलाच पाहिजे असे बंधन नाही. तथापि पार ४ आणि पार ५ प्रकारच्या बहुतेक होलवर त्याचाच उपयोग होत असल्याने, त्याची निवड खेळाडूच्या एकूण गुणसंख्येवर मोठा परिणाम करते.

एकच ड्रायव्हर सर्व खेळाडूंना सारखाच उपयुक्त ठरत नाही. क्लब फिरविण्याचा वेग, चेंडूवर येण्याची दिशा, मुखाच्या कोणत्या भागावर आघात होतो आणि मैदान कोणत्या हवामानात आहे, यांवर योग्य ड्रायव्हर कोणता हे ठरते. अंतर आणि सातत्य हे निवडीचे दोन निकष असून ते पुष्कळदा परस्परांच्या विरुद्ध जातात.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडमध्ये या क्लबास ‘प्ले क्लब’ असे नाव होते. त्याचे शीर्ष लाकडी, लांबट व अरुंद असे. चेंडू कातड्याच्या आवरणात पिसे ठासून बनविलेला असे. १८४८ च्या सुमारास मलाया भागातील झाडाच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा टणक चेंडू प्रचारात आला. त्याच्या आघाताने नाजूक लांबट शीर्षे फुटू लागली, म्हणून ती आखूड व गोलसर करण्यात आली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शीर्षासाठी अमेरिकेतील पर्सिमन या वृक्षाचे कठीण लाकूड पसंत केले जाऊ लागले. हा वृक्ष डायोस्पायरॉस या प्रजातीतील आहे. विदर्भातील जंगलांत ज्याची पाने विडीसाठी तोडतात तो तेंदू, म्हणजेच टेंभुर्णी, आणि काळ्या लाकडासाठी प्रसिद्ध असलेला आबनूस हे याच प्रजातीतील वृक्ष होत. दांड्यासाठी हिकरीचे लाकूड वापरीत. पोलादी दांड्यांना अमेरिकेत १९२४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये मान्यता मिळाली. कार्बन तंतूंपासून बनविलेले हलके ग्रॅफाइट दांडे १९७० च्या दशकात आले.

लाकडी शीर्ष व पोलादी दांडा यांच्या काळातही अंतर कमी नव्हते. १९६३ च्या पीजीए अजिंक्यपद स्पर्धेच्या वेळी घेतलेल्या लांब फटक्याच्या चढाओढीत जॅक निकलस यांनी ३४१ यार्ड १७ इंच इतका लांब फटका मारला होता. मात्र त्या काळच्या क्लबाने असा फटका मारण्यासाठी चेंडू मुखाच्या अगदी मध्यावर बसणे आवश्यक असे. शीर्ष लहान व भरीव असल्याने थोडी चूकही महागात पडे.

१९७९ मध्ये गॅरी ॲडम्स यांनी टेलरमेड ही कंपनी स्थापन करून पोकळ पोलादी शीर्षाचा ड्रायव्हर बाजारात आणला. पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर असल्यामुळे त्यास गमतीने ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ म्हटले जाई. १९९१ मध्ये कॅलवे कंपनीचा १९० घन सेंटीमीटरचा ‘बिग बर्था’ आला. पहिल्या महायुद्धातील एका जर्मन तोफेवरून त्याचे नाव ठेवले होते. लाकूड मात्र लगेच नाहीसे झाले नाही. १९९३ ची मास्टर्स स्पर्धा बर्नहार्ड लँगर यांनी पर्सिमनचा ड्रायव्हर वापरून जिंकली. १९९५ मध्ये टायटॅनियमचा, २५० घन सेंटीमीटरचा ‘ग्रेट बिग बर्था’ आल्यावर शीर्षांचा आकार झपाट्याने वाढत गेला. २००४ मध्ये टेलरमेडने ‘आर ७ क्वाड’ या ड्रायव्हरमध्ये हलविता येणारी वजने दिली आणि पुढील काही वर्षांत मुखाचा कोन बदलता येणारे ड्रायव्हरही सर्वत्र मिळू लागले.

रचना

ड्रायव्हरचे शीर्ष, दांडा आणि मूठ असे तीन भाग असतात.

शीर्ष बहुधा टायटॅनियमचे असते. त्याचा वरचा भाग, ज्यास क्राउन म्हणतात, पुष्कळदा कार्बन तंतूंचा करतात. टायटॅनियमची घनता पोलादाच्या सुमारे पावणेसहा दशांश, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त असते. त्यामुळे साधारण २०० ग्रॅम वजनातच मोठे व पातळ भिंतीचे शीर्ष बनविता येते आणि वाचलेले वजन हव्या त्या ठिकाणी ठेवता येते.

चेंडूवर आघात करणाऱ्या पृष्ठभागास मुख म्हणतात. ते सपाट नसून आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनी किंचित फुगीर असते. मुख उभ्या रेषेपासून मागे जितके कललेले असते त्या कोनास लॉफ्ट म्हणतात. ड्रायव्हरचा लॉफ्ट सामान्यतः ८ ते १३ अंशांच्या दरम्यान असतो.

दांडा, म्हणजे शाफ्ट, आज जवळजवळ सर्वत्र ग्रॅफाइटचा असतो. त्याचे वजन बहुधा ४० ते ७५ ग्रॅम असते. ड्रायव्हरसाठीचे जुने पोलादी दांडे १०० ग्रॅमहून जड असत. मूठ, म्हणजे ग्रिप, रबराची किंवा रबर व सुती धागा यांच्या मिश्रणाची असते.

नियम

गोल्फच्या साहित्याचे नियम स्कॉटलंडमधील आर अँड ए आणि अमेरिकेतील यूएसजीए या दोन संस्था ठरवितात. भारतात १९५५ मध्ये स्थापन झालेली इंडियन गोल्फ युनियन ही राष्ट्रीय संघटना असून येथील स्पर्धा याच नियमांनुसार होतात. ड्रायव्हरसंबंधी प्रमुख मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत.

- शीर्षाचे घनफळ ४६० घन सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावे. मोजमापातील फरकासाठी १० घन सेंटीमीटरची सवलत असते.
- क्लबाची लांबी ४८ इंचांपेक्षा अधिक नसावी. १ जानेवारी २०२२ पासून व्यावसायिक व उच्च दर्जाच्या हौशी स्पर्धांच्या आयोजकांना स्थानिक नियमाद्वारे ही मर्यादा ४६ इंच करण्याची मुभा आहे.
- मुखाच्या स्प्रिंगसारख्या परिणामास मर्यादा आहे. ती लंबकाच्या आघाताने मोजतात. आघाताचा काळ २३९ मायक्रोसेकंद, अधिक १८ मायक्रोसेकंदांची सवलत, यापेक्षा जास्त नसावा.
- शीर्षाचे जडत्व आघूर्ण, म्हणजे वळण्यास होणारा विरोध, उभ्या अक्षाभोवती ५,९०० ग्रॅम वर्ग सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावे. येथेही १०० ची सवलत आहे.
- समायोजन करता येणाऱ्या ड्रायव्हरची मांडणी फेरी सुरू झाल्यावर बदलता येत नाही.

स्प्रिंगसारख्या परिणामाबाबत दोन्ही संस्थांत काही काळ मतभेद होते. २००० मध्ये आलेला कॅलवेचा एक ड्रायव्हर अमेरिकेत नियमबाह्य आणि ब्रिटनमध्ये ग्राह्य ठरला होता. २००८ पासून जगभर एकच मर्यादा लागू झाली. सर्व प्रमुख कंपन्या या मर्यादेच्या जवळ पोहोचलेल्या असल्यामुळे, मुखाच्या मध्यावर बसलेल्या फटक्याच्या अंतरात नियमानुसार बनविलेल्या दोन ड्रायव्हरांमध्ये फार मोठा फरक राहिलेला नाही. खरा फरक मध्य चुकलेल्या फटक्यात आणि खेळाडूला तो क्लब किती जुळतो यात दिसतो.

चेंडूच्या उड्डाणाचे शास्त्र

मुख आणि चेंडू यांचा संपर्क सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. तेवढ्या काळात चेंडू दबतो व पुन्हा पूर्ववत होतो. या दबण्यात ऊर्जा वाया जाते. पातळ मुख स्वतः किंचित आत वाकून पुन्हा बाहेर येते, त्यामुळे चेंडू कमी दबतो आणि ऊर्जेचा अपव्यय घटतो. मोठ्या धातूच्या शीर्षामुळे अंतर वाढण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

अंतर मुख्यत्वे तीन गोष्टींवर अवलंबून असते: चेंडूचा आरंभीचा वेग, उड्डाणाचा कोन आणि मागे फिरणारी गिरकी, म्हणजे बॅकस्पिन. चेंडूचा वेग भागिले शीर्षाचा वेग या गुणोत्तरास ‘स्मॅश फॅक्टर’ म्हणतात. ड्रायव्हरमध्ये ते जास्तीत जास्त १.५ च्या आसपास असते. बॅकस्पिनमुळे चेंडूला वर उचलणारे बल मिळते. ती फार कमी असेल तर चेंडू लवकर खाली येतो; फार जास्त असेल तर तो उंच चढतो, हवेचा विरोध वाढतो आणि जमिनीवर पडल्यावर पुढे घरंगळत नाही.

वेगानुसार योग्य कोन बदलतो, हे व्यावसायिक खेळाडूंच्या सरासरीवरून दिसते. ट्रॅकमन या मापनयंत्राच्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार पीजीए टूरवरील पुरुषांच्या शीर्षाचा वेग ताशी सुमारे ११३ मैल, उड्डाणकोन सुमारे ११ अंश आणि हवेतील अंतर सुमारे २७५ यार्ड होते. एलपीजीए टूरवरील महिलांच्या बाबतीत हेच आकडे ताशी सुमारे ९४ मैल, सुमारे १३ अंश आणि सुमारे २२० यार्ड होते. दोन्ही गटांची गिरकी मिनिटाला २,६०० ते २,७०० फेऱ्यांच्या दरम्यान होती. वेग कमी असणाऱ्यांनी चेंडू अधिक उंच कोनात पाठविला पाहिजे, हा यातील बोध आहे. हौशी खेळाडूंचा वेग बहुधा याहूनही कमी असतो. म्हणून पुरुष व्यावसायिकाचा ड्रायव्हर पाहून तसाच विकत घेणे बहुतेकांना तोट्याचे ठरते.

आघाताचे स्थानही महत्त्वाचे असते. चेंडू मध्यापासून टोकाकडे, म्हणजे टोकडे, लागला तर शीर्ष गुरुत्वमध्याभोवती वळते आणि चेंडूला उलट दिशेची गिरकी मिळते. दातेरी चाके परस्परांना विरुद्ध दिशेने फिरवितात तसाच हा प्रकार असल्यामुळे त्यास ‘गियर परिणाम’ म्हणतात. मुखाचा आडवा फुगीरपणा याच कारणासाठी असतो: चेंडू प्रथम बाजूला जातो आणि गिरकीमुळे परत मध्याकडे वळतो. मुखाच्या मध्यापेक्षा किंचित वर लागलेला चेंडू अधिक उंच व कमी गिरकीने जातो, तर खालच्या भागावर लागलेला चेंडू कमी उंचीने व जास्त गिरकीने जाऊन अंतर गमावतो.

अंतर आणि सातत्य

आघाताच्या क्षणी मुख ज्या दिशेकडे असते, चेंडूची आरंभीची दिशा बहुतांशी तीच असते. चेंडू लक्ष्यापासून ३ अंश बाजूला निघाला आणि सरळ गेला, तर २३० यार्डांवर तो सुमारे १२ यार्ड बाजूला पडतो. त्यात बाजूची गिरकी मिसळली तर हा फरक कितीतरी वाढतो.

या चुकीची किंमत नियमांमुळे ठरते. चेंडू मैदानाच्या हद्दीबाहेर गेला किंवा हरवला तर एक दंडाचा फटका मोजून पूर्वीच्याच जागेवरून पुन्हा खेळावे लागते. म्हणजे प्रत्यक्षात दोन फटक्यांचे नुकसान होते. समजा, एका ड्रायव्हरने दहा फटक्यांची सरासरी २२५ यार्ड आली, पण तीन चेंडू हद्दीबाहेर गेले. दुसऱ्याने सरासरी २१९ यार्ड आली आणि एकच चेंडू बाहेर गेला. पहिल्या ड्रायव्हरने मिळविलेल्या सहा यार्डांमुळे पुढचा फटका जेमतेम अर्ध्या क्लबाने सोपा होतो. त्यासाठी दहा होलमध्ये चार फटके अधिक द्यावे लागतात. चाचणीच्या वेळी सर्वांत लांब गेलेल्या एका चेंडूकडे न पाहता सर्व चेंडूंच्या विखुरण्याकडे पाहावे, असे म्हणतात ते यासाठीच.

टोकियो येथील ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, भारताची आदिती अशोक चौथी आली आणि तिचे पदक एका फटक्याने हुकले. त्या स्पर्धेत ड्राइव्हच्या अंतरात ती शेवटच्या काही खेळाडूंमध्ये होती. अंतर हा गोल्फमधील लाभ आहे, पण तो एकमेव लाभ नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

ड्रायव्हरची निवड

लॉफ्ट

निवडीचा आरंभ लॉफ्टपासून करतात. पुढील कोष्टकात शीर्षाच्या वेगानुसार सर्वसाधारण सुरुवात दिली आहे. चाचणीनंतर तीत बदल होऊ शकतो.

| शीर्षाचा वेग (ताशी मैल) | ताशी किलोमीटर, सुमारे | लॉफ्ट (अंश) | दांड्याची लवचीकता |
|---|---|---|---|
| ७५ पेक्षा कमी | १२० पेक्षा कमी | १२ किंवा अधिक | लेडीज |
| ७५ ते ८५ | १२० ते १३५ | ११.५ ते १३ | सीनियर |
| ८५ ते ९५ | १३५ ते १५० | १०.५ ते १२ | रेग्युलर |
| ९५ ते १०५ | १५० ते १७० | ९.५ ते १०.५ | स्टिफ |
| १०५ पेक्षा जास्त | १७० पेक्षा जास्त | ८ ते ९.५ | एक्स्ट्रा स्टिफ |

वेगाइतकीच क्लब चेंडूवर कोणत्या दिशेने येतो ही बाबही पाहावी लागते. खालून वर येणाऱ्या क्लबाने उड्डाणकोन आपोआप वाढतो, म्हणून कमी लॉफ्ट चालतो. वरून खाली येणाऱ्या क्लबाने गिरकी वाढते. अशा खेळाडूने लॉफ्ट कमी करण्याआधी टीची उंची आणि चेंडूची जागा तपासून पाहावी. चेंडूचा साधारण अर्धा भाग शीर्षाच्या माथ्यावर दिसेल इतकी टी उंच असावी, असा प्रघात आहे. क्लबावर छापलेला लॉफ्ट व प्रत्यक्ष लॉफ्ट यांत थोडा फरक असू शकतो, हेही लक्षात ठेवावे.

शीर्षातील वजनाची मांडणी

वजन खाली व मागे ठेवले तर जडत्व आघूर्ण वाढते. मध्य चुकलेल्या फटक्यात शीर्ष कमी वळते, वेग कमी घटतो आणि चेंडू दिशा फारशी सोडत नाही. खाली व पुढे ठेवलेल्या वजनाने गिरकी कमी होते, परंतु चुकांना क्षमा कमी मिळते. टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूस, ठेवलेले वजन मुख लवकर मिटण्यास मदत करते. उजव्या हाताने खेळणाऱ्या ज्या खेळाडूचा चेंडू वारंवार उजवीकडे वळत जातो त्याला त्याचा लाभ होतो. २०२४ मध्ये दोन कंपन्यांनी उभ्या व आडव्या अक्षांवरील आघूर्णांची बेरीज १०,००० ग्रॅम वर्ग सेंटीमीटरच्या पुढे नेलेले ड्रायव्हर आणले. ज्यांचा आघात मुखावर विखुरलेला असतो अशा हौशी खेळाडूंसाठी हा प्रकार अधिक उपयोगी आहे.

दांडा

लवचीकतेच्या रेग्युलर, स्टिफ इत्यादी नावांना सर्व कंपन्यांत समान असे प्रमाण नाही. एका कंपनीचा रेग्युलर दांडा दुसरीच्या स्टिफइतका ताठ असू शकतो. म्हणून नाव न पाहता दांडा प्रत्यक्ष फिरवून पाहणे श्रेयस्कर. फार ताठ दांड्याने चेंडू बहुधा खालून आणि उजवीकडे जातो. फार लवचीक दांड्याने शीर्ष केव्हा कोठे आहे याचा अंदाज राहत नाही. वजनाचा परिणाम पुष्कळदा लवचीकतेहून अधिक असतो. हलक्या दांड्याने वेग वाढतो, पण क्लबाचा तोल हाताला जाणवेनासा झाला तर लय बिघडते.

लांबी

दुकानांत मिळणारे ड्रायव्हर बहुधा ४५.५ इंचांच्या आसपास असतात. लांब दांड्याने शीर्षाचा वेग थोडा वाढतो. परंतु चेंडू मध्यावर बसणे अवघड होते. अर्धा ते एक इंच आखूड दांड्याने मध्यावरील फटक्यांची संख्या वाढत असेल, तर सरासरी अंतर कमी होण्याऐवजी वाढूही शकते. मात्र दांडा कापल्यावर तो थोडा ताठ होतो आणि शीर्ष हलके वाटू लागते. ही उणीव शीर्षात काही ग्रॅम वजन घालून भरून काढतात.

मूठ

फार बारीक मूठ बोटांत फिरते, फार जाड मूठ मनगट अडविते. डाव्या हाताची मधली दोन बोटे मुठीभोवती गुंडाळल्यावर तळहाताला हलकेच टेकावीत, ही उजव्या हाताच्या खेळाडूसाठी साधी कसोटी आहे. दमट हवेत हात घामेजत असल्यास धागा मिसळलेली मूठ चांगली पकड देते.

चाचणीची पद्धत

उत्तम चाचणी मापनयंत्रावर, ज्यास लाँच मॉनिटर म्हणतात, आणि स्वतःच्या नेहमीच्या चेंडूने होते. अंगात ऊब येईपर्यंत सराव करावा; त्यानंतर प्रत्येक मांडणीने किमान आठ-दहा फटके मारावेत आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. शीर्ष, दांडा व लॉफ्ट एकदम बदलले तर लाभ कशामुळे झाला हे कळत नाही. हवेतील अंतर, गिरकी, उड्डाणकोन आणि डाव्या-उजव्या बाजूंतील विखुरणे यांची नोंद ठेवावी.

यंत्र उपलब्ध नसेल तर फळ्यावरील पुसता येणाऱ्या मार्करने चेंडूवर ठिपका काढून तो मुखाकडे करावा. आघातानंतर मुखावर उमटलेल्या खुणेवरून चेंडू कोठे लागला हे समजते. दहा खुणा एकत्र पाहिल्या की टाचेकडे, टोकडे किंवा खाली लागण्याची सवय ध्यानात येते. खुणा विखुरलेल्या असतील तर नवा ड्रायव्हर घेण्यापूर्वी प्रशिक्षकाचा सल्ला घेणे अधिक हितकारक ठरते.

खेळाडूंचे गट

नवशिक्या खेळाडूला जास्त लॉफ्टचा व जास्त आघूर्णाचा ड्रायव्हर सोयीचा असतो. जास्त लॉफ्टमुळे मागे फिरणारी गिरकी वाढते आणि बाजूच्या वळणाचा परिणाम तुलनेने कमी दिसतो. वय वाढत जाते तसा वेग घटतो. तरुणपणी घेतलेला ९ अंशांचा ताठ ड्रायव्हर साठीनंतर अंतर कमी करतो. अशा वेळी लॉफ्ट वाढविणे व दांडा हलका करणे हा साधा उपाय आहे. मुलांसाठी मोठ्यांचा ड्रायव्हर कापून देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आढळते, पण तसा क्लब ताठ व जड असल्यामुळे मुलांचा फिरविण्याचा ढंग बिघडतो; उंचीनुसार बनविलेला हलका क्लब योग्य होय. ब्रिटनमधील हौशी पुरुषांच्या ड्राइव्हचे सरासरी अंतर सुमारे २१५ यार्ड आणि महिलांचे सुमारे १५० यार्ड असल्याचे आर अँड ए व यूएसजीए यांच्या पाहण्यांतून दिसले आहे. स्वतःच्या अपेक्षा ठरविताना हे आकडे उपयोगी पडतात.

महाराष्ट्र आणि कोकण

भारतात गोल्फ ब्रिटिशांसोबत आला. कोलकात्यातील क्लब १८२९ चा असून मुंबईत १८४२ मध्ये क्लब स्थापन झाला. चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे. मुंबईतील विलिंग्डन, पुण्यातील येरवडा आणि नवी मुंबईतील खारघर येथेही गोल्फची मैदाने आहेत. गोव्यात काणकोण तालुक्यातील राजबाग येथे समुद्रालगत नऊ होलचे मैदान आहे. पुण्यात जन्मलेले अनिर्बान लाहिरी यांनी २०१५ च्या पीजीए अजिंक्यपद स्पर्धेच्या वेळी झालेली लांब फटक्याची चढाओढ ३२७ यार्डांच्या फटक्याने जिंकली आणि मुख्य स्पर्धेत ते संयुक्त पाचवे आले. पुण्याचे उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळले.

राज्यातील भूरचनेमुळे एकाच खेळाडूचे अंतर ठिकाणानुसार बदलते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तेथे हवा विरळ असते. दर हजार फुटांमागे अंतर एक टक्क्याहून थोडे अधिक वाढते. त्यामुळे मुंबईत २२० यार्ड जाणारा चेंडू पुण्यात चार-पाच यार्ड पुढे जातो. उष्ण हवेतही चेंडू थोडा लांब जातो. दमट हवा जड असते, म्हणून किनाऱ्यावर चेंडू अडतो, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. पाण्याच्या वाफेचा रेणू हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असल्याने, समान तापमान व दाब असता दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. किनाऱ्यावरील अंतर कमी पडते ते उंची नसल्यामुळे आणि वाऱ्यामुळे.

मालवण-वेंगुर्ल्यासारख्या किनारपट्टीवर दिवसा समुद्राकडून खारे वारे आणि रात्री ते पहाटेपर्यंत जमिनीकडून मतलई वारे वाहतात. समोरून येणाऱ्या वाऱ्यात चेंडू व हवा यांचा सापेक्ष वेग वाढतो, त्यामुळे गिरकीचे उचलणारे बलही वाढते आणि चेंडू उंच चढून जागीच पडतो. अशा मैदानावर नियमित खेळणाऱ्याने गिरकी कमी ठेवणारी मांडणी तपासून पाहावी. सकाळी मतलई वाऱ्यात केलेल्या चाचणीचे निष्कर्ष दुपारी लागू पडतीलच असे नाही.

ऋतूचाही परिणाम होतो. उन्हाळ्यात कठीण झालेल्या जमिनीवर कमी उंचीचा चेंडू बराच घरंगळतो. पावसाळ्यात व त्यानंतर काही काळ चेंडू पडतो तेथेच रुततो, म्हणून हवेतील अंतर निर्णायक ठरते. समायोजन करता येणारा ड्रायव्हर असल्यास पावसाळ्यासाठी लॉफ्ट अर्धा ते एक अंश वाढविणे उपयुक्त ठरते. काही ड्रायव्हरांत लॉफ्ट वाढविताना मुख थोडे मिटते आणि कमी करताना उघडते. त्यामुळे बदलानंतर दिशा पुन्हा तपासावी.

खरेदी आणि देखभाल

नवे ड्रायव्हर दरवर्षी येत असले तरी मुखाचा वेग नियमांनी बांधलेला असल्यामुळे तीन-चार वर्षांपूर्वीचा चांगल्या स्थितीतील, खेळाडूला जुळणारा ड्रायव्हर नव्या पण न जुळणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा सरस ठरतो. जुना क्लब घेताना मुखावर सूक्ष्म तडा, क्राउनवर खोक, शीर्ष हलविल्यावर आतून खडखड आणि दांड्यावर ओरखडे आहेत का ते पाहावे. नामांकित कंपन्यांच्या बनावट प्रती बाजारात आढळतात. अनुक्रमांक, छपाईची सफाई आणि संशयास्पद कमी किंमत यांवरून त्या ओळखता येतात. स्पर्धेत खेळणाऱ्याने आपले शीर्ष नियमानुसार मान्य ड्रायव्हरांच्या अधिकृत यादीत आहे याची खात्री करून घ्यावी.

खाऱ्या व दमट हवेत वजनांचे व दांडा जोडण्याचे पोलादी स्क्रू गंजून अडकतात. फेरीनंतर मुख व तळ ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावेत. पावसात भिजलेले शीर्षावरील आवरण तसेच चढवून ठेवू नये. स्क्रू कंपनीने दिलेल्या पान्यानेच आणि ठरावीक ताणापर्यंतच आवळावेत. मूठ कडक किंवा गुळगुळीत झाली की बदलावी. तशा मुठीमुळे खेळाडू नकळत क्लब घट्ट आवळतो आणि वेग व दिशा दोन्ही गमावतो. तापलेल्या मोटारीच्या डिकीत क्लब दीर्घकाळ ठेवल्यास शीर्ष व दांडा जोडणारा चिकट पदार्थ मऊ होऊ शकतो, म्हणून उन्हाळ्यात ते टाळावे.